माळ्यावरचा कांदा, चाळीतला कांदा



परवा चाळीचा पुढचा कप्पा फोडला. बारदान बाजूला केलं आणि पहिल्या टोपलीलाच वास आला. ज्याने कांदा साठवलाय त्याला तो वास वेगळा सांगायला नको. सड वरच्या थरात आहे की खालपर्यंत उतरलीय, ते आधी नाकाला कळतं, मग डोळ्यांना. पुतण्या सोबत होता. कृषी पदवीच्या तिसऱ्या वर्षाला आहे, सुट्टीला आलाय. कांदे निवडता निवडता त्याने विचारलं, "काका, चाळी नव्हत्या तेव्हा लोक कांदा ठेवायचे कुठं?"

मी फटकन म्हणालो, "ठेवतच नव्हते, काढला की विकायचे." रात्री अंथरुणावर पडल्यावर लक्षात आलं की आपण पोराला चुकीचं सांगितलं. ठेवत होते. फक्त विकायला ठेवत नव्हते. या दोन ठेवण्यांत फार फरक आहे आणि आपल्या कांद्याचा बराचसा इतिहास त्या फरकात आहे. म्हणून आज खत-फवारणीचं काही नाही, हेच लिहितो. जरा लांबेल.

आमचं जुनं घर धाब्याचं होतं. चुलीच्या खोलीवर बांबूच्या कामट्यांचा माळा, त्यावर तुराट्या अंथरलेल्या. चैत्र-वैशाखात उन्हाळ कांदा निघाला की आजी त्यातला घरापुरता कांदा निवडून माळ्यावर चढवायची. ढीग नाही, एकावर एक दोन थर फार तर. चुलीचा धूर आणि ऊब खालून लागायची, माळ्याला भिंतीकडून एक झरोका होता त्यातून वारा. लसूण तर पातीसकट वेणी घालून आढ्याला टांगलेला. पावसाळाभर दर आठ-पंधरा दिवसांनी आजी माळ्यावर चढायची आणि मऊ पडलेला, कोंब फुटलेला कांदा काढून आणायची. त्या दिवशी भाजी त्याचीच. चांगला कांदा वरच राहायचा. आम्ही पोरं म्हणायचो, आपल्या घरी कायम सडकाच कांदा खायचा का? आजी म्हणायची, "चांगला खाल्ला तर दिवाळीला लावशील काय?"

ही तिची गोष्ट मला समजायला माझं अर्धं आयुष्य गेलं.

कांद्याचं बी घरचं करायचं तर काय करावं लागतं बघा. एप्रिल-मेमध्ये काढलेला कांदा ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत जिवंत ठेवायचा. मग तो कांदाच जमिनीत लावायचा, त्याला डोंगळे येतात, गोंडे भरतात आणि पुढच्या उन्हाळ्यात बी हातात पडतं. म्हणजे बियाण्याचा कांदा सहा महिने टिकलाच पाहिजे, नाहीतर बीच नाही. जो कांदा श्रावणात सडला तो खाऊन संपला, ज्याला भाद्रपदात कोंब आला तोही संपला. जो दिवाळीपर्यंत घट्ट राहिला, पत्ती न सोडता, तोच लावला गेला. दरवर्षी. पिढ्यान्पिढ्या. कुणी संशोधन म्हणून केलं नाही, पण माळ्यावर दर पावसाळ्यात टिकाऊपणाची परीक्षा होत होती आणि पास झालेल्या कांद्यालाच पुढं पोरंबाळं होत होती.

आपला गावरान उन्हाळ कांदा टिकतो याला जमीन आणि हवा ही कारणं आहेतच. पण माझ्या मते मोठं कारण आजीसारख्या बायकांचं हे काम आहे. खरिपाचा लाल कांदा बघा. तो काढला की विकायचा, त्याला महिनाभरसुद्धा धीर धरवत नाही. त्याच्याकडून टिकण्याची मागणी कधी कुणी केलीच नाही. पुढं विद्यापीठातून एन-2-4-1 सारखी रब्बीची जात आली तीही अशाच गावरान मालातून निवडून काढलेली. आपण तिला सरकारी जात म्हणतो, पण तिची जुनी पिढी कुणाच्या तरी माळ्यावरच होती.

आता विकायला कांदा का ठेवत नव्हते ते सांगतो. मुळात एवढा कांदा होताच कुठं? उन्हाळ कांद्याला डिसेंबर-जानेवारीत लागण करून एप्रिलपर्यंत पाणी द्यावं लागतं. मोटेच्या विहिरीवर किती वाफे भिजणार? आमच्या आजोबांचे दहा-बारा वाफे असायचे. रेल्वे तर जुनीच, 1865 मध्ये थळ घाटातला लोहमार्ग पूर्ण झाला आणि मुंबईची बाजारपेठ नाशिकच्या मालाला जवळ आली. लासलगाव त्याच रेल्वेमार्गावर. तिथली बाजार समिती 1947 ची. पण गावोगाव शंभर-शंभर क्विंटल कांदा निघायला लागला तो विहिरींवर आधी डिझेल इंजिनं आणि मग विजेच्या मोटारी बसल्यावर. सगळ्यांचा माल एकदम एप्रिल-मेमध्ये बाजारात, आणि मग भाव मातीत.

त्या वेळची चीड आज पोरांना माहीत नाही. शरद जोशींनी 1977 मध्ये चाकणजवळ आंबेठाणला जमीन घेतली आणि त्यांना पहिला धडा कांद्याच्या भावानेच शिकवला. 1980 मध्ये चाकणला रस्ता रोको झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरात आपल्या नाशिक जिल्ह्यात कांदा आणि उसासाठी आंदोलन पेटलं. आमचे दादा (म्हणजे वडील) त्यात होते. घरी आल्यावर त्यांनी भाषण वगैरे केलं नाही. म्हणाले, "आपला माल आपल्या घरात राहिला तरच आपण बोलू शकतो." आणि 1982 च्या उन्हाळ्यात आमच्या घरासमोर पहिली चाळ उभी राहिली.

चाळ हा शब्द तुम्हाला-आम्हाला ओळखीचा. पण जुन्नर-आंबेगावकडे गेलात तर बराखी म्हणतात, काही भागात आरण म्हणतात. नावं वेगळी, कल्पना एकच: माळ्यावरचा झरोका मोठा करून त्याचं घर बांधायचं. दादांची चाळ म्हणजे बाभळीच्या मेढी, बांबूचे आडवे पट्टे, बाजूंना तुराट्यांचे कूड आणि वर उसाचं पाचट. जमिनीवर दगड मांडून त्यावर लाकडं, त्यावर कांदा. पाचटाचं छप्पर दर दोन वर्षांनी बदलायचं, उंदीर असायचे, आगीची भीती असायची. पण तिच्यात कांदा टिकायचा. दादा म्हणायचे, पाचटाखाली कांद्याला माणसासारखी झोप लागते.

पुढं हातात चार पैसे आल्यावर 1991 मध्ये त्यांनी ती मोडून पत्र्याची चाळ केली. लोखंडी पत्रा, कारण तो टिकतो. घराच्या भिंतीला लागून, कारण एक बाजू फुकट मिळते. पहिल्याच मे महिन्यात वरचा हातभर थर उकडून निघाला आणि भिंतीकडच्या बाजूला पावसाळ्यात काजळी चढली, कारण वारा आरपार जायला वाटच नव्हती. पाचटाची चाळ गरिबीची म्हणून मोडली आणि श्रीमंतीची चाळ कांदा खायला लागली. दादांनी त्याचं खापर कुणावर फोडलं नाही. पुढच्या वर्षी पत्र्यावर पुन्हा पाचट टाकलं.

इथं थोडं शास्त्र सांगतो, पुतण्याने पुस्तक काढून दाखवलं म्हणून. कांदा काढल्यावर तो झोपेत जातो. ही झोप दोनच ठिकाणी लांबते: अगदी थंडीत, शून्य ते दोन अंशांवर, नाहीतर चांगल्या उबेत, 25 ते 30 अंशांवर. मधली हवा, म्हणजे 10 ते 20 अंश, ही कांद्याला कोंब फुटायला सगळ्यात सोयीची. आणि हवेतली आर्द्रता 65 ते 70 टक्क्यांच्या आसपास हवी. त्याहून कमी झाली तर वजन घटतं, पत्ती सुटते. वाढली तर मुळ्या फुटतात, बुरशी धरते. म्हणजे आजीचा चुलीवरचा माळा हा उबदार, कोरडा, वारा खेळता असा साठा होता. चाळही तेच करते. एप्रिल-मेमध्ये वजन जातं, जुलै-ऑगस्टमध्ये सड लागते आणि सप्टेंबरनंतर रात्री गार व्हायला लागल्या की कोंब. तीन महिन्यांचे तीन वेगळे चोर.

माझा स्वतःचा गाढवपणा सांगतो. कृषी प्रदर्शनात शून्य ऊर्जा शीतकक्ष पाहिला होता. दिल्लीच्या पुसा संस्थेने ऐंशीच्या दशकात काढलेली ही युक्ती फार चांगली आहे. विटांच्या दोन भिंती, मधे तीन इंच जागा, त्यात वाळू, वाळूवर सकाळ-संध्याकाळ पाणी, वरून ओलं बारदान. पाणी उडतं तशी आतली हवा गार होते, आपल्या माठासारखी. उन्हाळ्यात बाहेरच्यापेक्षा दहा-पंधरा अंश कमी आणि आत ओलावा 90 टक्क्यांच्या घरात. मेथी, कोथिंबीर, टोमॅटो, वांगी, लिंबं यांना ही जागा म्हणजे माहेर. आमच्या घरी शेवग्याखाली बांधलाय, मालकीणबाईंची भाजी त्यात तीन-चार दिवस जास्त ताजी राहते. मला वाटलं, भाजी टिकते तर कांदा का नाही? दोन क्रेट ठेवले. आठ-दहा दिवसांत कांद्याला पांढऱ्या मुळ्या, जशी म्हाताऱ्याला दाढी. मालकीणबाई म्हणाल्या, "लावून टाका आता, रोपं तयारच आहेत." घरातल्या फ्रिजमध्ये कांदा ठेवणाऱ्यांनाही हेच सांगणं आहे. फ्रिज चार-आठ अंशांवर असतो आणि आत दमट. त्यात कापलेला कांदा डब्यात ठेवा, अख्खा नको. अख्खा कांदा जाळीच्या पिशवीत, वाऱ्याला, आणि बटाट्यापासून लांब.

शीतगृहात शून्य अंशाला, कोरड्या हवेत कांदा टिकतो हे खरं. पण विजेचं बिल आपलं नाही झेपत आणि बाहेर काढला की कांद्याला घाम सुटतो आणि झोप एकदम मोडते. लगेच विकला गेला तर ठीक.

आता संस्थांचं थोडं. नाफेडची स्थापना 1958 ची. पुढं कांद्याची निर्यात नाफेडमार्फत व्हायला लागली आणि परदेशी जहाजात पोचेपर्यंत कांदा टिकला पाहिजे हा प्रश्न दिल्लीलाही पडला. 1977 मध्ये नाफेडने आणि निर्यातदारांनी मिळून एक प्रतिष्ठान काढलं, तेच आजचं राष्ट्रीय बागवानी संशोधन आणि विकास प्रतिष्ठान, आपण ज्याला एनएचआरडीएफ म्हणतो. ॲग्रीफाउंड लाईट रेड त्यांचीच. केंद्राचं कांदा-लसूण संशोधन केंद्र 1994 ला नाशिकला सुरू झालं आणि 1998 मध्ये राजगुरुनगरला गेलं. भीमा किरण, भीमा शक्ती या जाती तिथल्या.

या लोकांनी चाळीचं काय केलं? माझ्या मते पाचटाच्या चाळीचं शहाणपण मोजून कागदावर आणलं. तळ जमिनीपासून दीड-दोन फूट उंच आणि फटींचा, म्हणजे वारा खालून शिरतो. कप्प्याची रुंदी चार फूट, थराची उंची चार-पाच फुटांच्या वर नाही, नाहीतर खालचा कांदा वजनाने दबतो आणि मधल्या कांद्याला वारा पोचत नाही. लोखंडी पत्र्याऐवजी सिमेंटचा पत्रा. छप्पर भिंतीच्या बाहेर पुरेसं आलेलं, म्हणजे पावसाची झड आत येत नाही. एक पाखी चाळ दक्षिणोत्तर, दोन पाखी असेल तर पूर्व-पश्चिम. मग अनुदान आलं, काही वर्षं टनाला 3500 रुपये या हिशोबाने, आणि गावोगाव एकसारख्या चाळी उभ्या राहिल्या. मी 2009 मध्ये 25 टनांची बांधली. घराच्या भिंतीपासून लांब, उंचवट्यावर. दादा बघायला आले, तळाखाली वाकून हात घातला, वारा लागतोय का पाहिलं, आणि म्हणाले, "आता जमलं." एवढंच.

एक नवी विद्या लासलगावलाच आली. भाभा अणुसंशोधन केंद्राचं 'कृषक' हे केंद्र तिथं 2002 मध्ये सुरू झालं. कोबाल्ट-60 च्या गॅमा किरणांची अगदी थोडी मात्रा दिली की कांद्याचा कोंब कायमचा थांबतो. लोक घाबरतात, पण कांदा त्याने किरणोत्सारी होत नाही. मात्र दोन गोष्टी ध्यानात घ्या. कांदा झोपेत असताना, काढणीनंतर लवकर, हे करावं लागतं. आणि किरणं कोंब थांबवतात, सड थांबवत नाहीत. ओला, मार लागलेला कांदा तिथून आणला तरी सडणारच. शिवाय ट्रॅक्टर भरून नेणं, आणणं, पुन्हा चाळीत टाकणं, म्हणजे दोनदा आदळआपट. आपल्यासारख्या छोट्या शेतकऱ्यांत ते फारसं रुजलं नाही याचं कारण मला भीतीपेक्षा हे वाहतुकीचंच वाटतं. त्याच केंद्रातून 2007 मध्ये हापूस अमेरिकेला गेला, त्याचं नाव मात्र जास्त झालं.

आता जरा कडू भाग.

माळ्यावर कांदा ठेवायचा तेव्हा आजीला दिल्लीत काय चाललंय याच्याशी घेणं नव्हतं. चाळीत ठेवला की आहे. 1980 च्या जानेवारीतल्या निवडणुकीत कांद्याचा भाव प्रचारात गाजला. 1998 मध्ये तर किलोला 50 रुपयांच्या वर भाव गेल्यावर दिल्ली आणि राजस्थानची सरकारं गेली, त्यात कांद्याचा वाटा होता असं सगळेच मानतात. तेव्हापासून प्रत्येक सरकारला चाळीची भीती बसली. 2019 च्या सप्टेंबरात निर्यातबंदी आणि साठ्यावर मर्यादा. 2020 च्या सप्टेंबरात पुन्हा निर्यातबंदी, ऑक्टोबरात पुन्हा मर्यादा. मर्यादा व्यापाऱ्याच्या साठ्यावर असते, शेतकऱ्याच्या नाही, हे खरं. पण व्यापाऱ्याचं खळं भरलं की तो लिलावात बोली थांबवतो, आणि सडत असतो तो आपला चाळीतला.

2023 ची गोष्ट. मार्च-एप्रिलच्या अवकाळीत बऱ्याच जणांचा कांदा भिजलेला, त्यामुळे चाळीतला चांगला माल कमी. जुलैअखेर भाव हलायला लागला. दादा म्हणाले, अर्धा काढ. मी म्हटलं, आणखी थोडं थांबू. ट्रॅक्टरचा हप्ता, पोरीची फी, सगळं डोक्यात होतं. चाळीत 200 क्विंटल होता. 19 ऑगस्टला संध्याकाळी निर्यातीवर 40 टक्के शुल्क लागल्याची बातमी आली. सोमवारी लिलाव बंद. कांद्याला कुठं माहीत की लिलाव बंद आहेत? तो आपल्या वेळेने घाम सोडत राहिला. लिलाव सुरू झाल्यावर मी नेला तो निवडून-निवडून. 200 मधले 128 क्विंटल बाजारात पोचले. बाकी उकिरड्यावर आणि मेंढपाळाच्या कळपाला. त्या 8 डिसेंबरला तर निर्यातच बंद झाली, ती पुढच्या 4 मेपर्यंत.

सरकारचा दोष आहेच, पण माझाही होता. मी कांदा टिकवण्याचा हिशोब कधी मांडलाच नव्हता. आता पुतण्याला वहीत मांडून दिला. मे महिन्यात 100 क्विंटल कांदा 1000 रुपयांनी विकला तर लाख रुपये. तोच चाळीत टाकला आणि सप्टेंबरात 70 क्विंटल निघाला, तर नुसतं लाख रुपये हातात येण्यासाठी क्विंटलला सव्वाचौदाशेच्या वर भाव पाहिजे. त्यात भरायची मजुरी, निवडायची मजुरी, कर्जाचं व्याज अजून धरलेलंच नाही. साध्या साठवणीत 25 ते 40 टक्के घट होते हे सगळेच सांगतात, पण आपण भाव मोजतो, घट मोजत नाही. म्हणून मी आता एकदम काढत नाही. जूनच्या शेवटी एक कप्पा, ऑगस्टला एक, उरलेला दसऱ्याच्या आत. भाव मिळो न मिळो. दादांचा अर्धा-अर्धाचा हिशोब थोडा वाढवला एवढंच.

आणि दुसरी चूक बियाण्याची. आजी गेल्यावर घरचं बी बंद झालं. दुकानातून पुडा आणणं सोपं. 2016-17 च्या सुमारास मी पुन्हा घरचं बी धरायचं ठरवलं, पन्नास डोंगळ्यांच्या ओळी लावल्या. गोंडे छान भरले. पण शेजारच्या वावरात लाल कांद्याचे डोंगळे होते. मधमाश्यांना बांध कळत नाही. त्या बियाचा कांदा निघाला तो कुठं गुलाबी, कुठं गडद, आणि चाळीत ऑगस्टलाच बसला. कांद्याच्या बियाला दुसऱ्या जातीपासून किलोमीटर-दीड किलोमीटर अंतर लागतं. आजीच्या काळी शिवारात सगळ्यांचा तोच गावरान होता म्हणून हा प्रश्नच नव्हता. नंतर आम्ही गावातल्या पाच जणांनी ठरवून मळ्याच्या टोकाला, ओढ्यापलीकडं डोंगळे लावायला सुरुवात केली. तिथं चारी बाजूंनी ज्वारी-हरभरा असतो. हे आमचं पाचवं वर्ष.

यंदाचं तुम्हाला सांगायला नकोच. 2025 च्या मे महिन्यात पावसाने जे केलं ते प्रत्येकाच्या वावरात झालं. आमचा अर्धा कांदा त्याआधी निघाला होता. पाणी पंधरा दिवस आधी तोडलेलं, निम्म्या माना पडल्यावर काढलेला, ओळीत असा पसरलेला की एका ओळीची पात दुसऱ्या ओळीच्या कांद्यावर, मग इंचभर नाळ ठेवून खांडणी आणि दहा-बारा दिवस सावलीत. तो मागच्या कप्प्यात आहे आणि काल हात घालून पाहिला, खडखडीत आहे. उरलेला पावसात सापडला. तो मी चाळीत टाकायला नको होता. पण त्या आठवड्यात बाजारात जो भाव होता त्यात गाडीभाडंही निघेना, म्हणून पुढच्या कप्प्यात टाकला. परवा फोडला तो हाच. पहिल्या दोन दिवसांत निम्मा गेला. हे सगळं माहीत असूनही टाकला, हे लिहायला लाज वाटते, पण लिहितो. ज्यांनी असा ओला माल चाळीत टाकलाय त्यांनी दिवाळीची वाट बघू नका. या आठवड्यात फोडा, निवडा आणि चांगला निघेल तो विका. सडका कांदा चाळीच्या आसपास टाकू नका, खड्ड्यात गाडा, नाहीतर बुरशी पुन्हा वाऱ्यावर आत येते.

पुतण्या म्हणतो, चाळीच्या तीन उंचींवर तापमान आणि आर्द्रता मोजायची यंत्रं लावू, त्याच्या कॉलेजात आहेत. लाव म्हटलं. एक यंत्र चुलीच्या खोलीतल्या माळ्यावरही लाव. ते घर अजून उभं आहे, चूल मात्र आता फक्त पाणी तापवायला पेटते.

मागच्या कप्प्यातून सध्या दोन क्रेट बाजूला काढलेत. मध्यम आकाराचे, गोल, बारीक मानेचे, एकाच डोळ्याचे, पत्तीला घट्ट. दसऱ्याला पुन्हा निवडणार, दिवाळीला पुन्हा. त्यातले जे उरतील ते ओढ्यापलीकडं. तोवर ते माळ्यावर ठेवलेत, दोन थरांत. काल संध्याकाळी मालकीणबाईंनी त्यातले चार कांदे भाजीला मागितले. मी पुढच्या कप्प्यातले मऊ पडलेले दिले.